ताणा आणि बाणा

भिवंडीच्या एखाद्या जुन्या वस्तीत पाऊल टाकले, की पहिली ओळख होते ती आवाजाची. खट्-खट्, खट्-खट् असा यंत्रमागांचा ठेका तेथे दिवसरात्र चाललेला असतो. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांना ताणा म्हणतात. धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावतो आणि जाताना आडवा धागा सोडीत जातो, तो बाणा. ताणा कितीही मजबूत असला, तरी नुसत्या ताण्याचे कापड होत नाही. नुसत्या बाण्याला तर उभे राहण्यास आधारच नसतो. दोन्ही धागे एकमेकांत गुंतले, म्हणजेच वस्त्र तयार होते.

विणकराला रोजच्या अनुभवाने ठाऊक असलेली ही गोष्ट मल्लालाही शिकावी लागते. यंत्रमागांचा आवाज मागे टाकून भिवंडीच्या आसपासच्या खेड्यांत गेले, तर जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरलेला दिसतो. ढोल वाजू लागतो, माणसे रिंगण धरून बसतात आणि दोन मल्ल सलामी देऊन एकमेकांना भिडतात. कुस्ती ही महाराष्ट्राची जुनी विद्या आहे. परंतु गेल्या काही दशकांत मल्लांपुढे एक नवे मैदान उघडले आहे. त्याच्या भोवती जाळीचा पिंजरा असतो. त्यात उतरणारा खेळाडू कुस्ती तर करतोच. पण तो ठोसे मारतो, लाथा हाणतो आणि जमिनीवर पडल्यावरही लढत राहतो. या खेळाला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे मिश्र युद्धकला, असे नाव आहे. त्यात जिंकणाऱ्याच्या अंगी कोणत्या कला असतात? आणि त्या त्याला कशा साध्य होतात? या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी आरंभ आपल्या तालमीतूनच केला पाहिजे.

तालमीच्या मधोमध हौदा असतो. त्यातील लाल माती चाळून मऊ केलेली असते आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस अशा वस्तू मिसळलेल्या असतात. पहाटे अंधार असतानाच मल्ल तेथे जमतात. शेकडो जोर, शेकडो बैठका, दोरावर चढणे, गदा फिरवणे आणि मग मातीतील लढती, असा त्यांचा क्रम असतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्याला ऊर्जितावस्था आणली, तो मल्लखांबही मुळात मल्लांसाठीच होता. गुळगुळीत खांबाला पायांनी विळखा घालून अंग तोलून धरता आले, की प्रतिस्पर्ध्याला धरणे सोपे जाते. वस्ताद हौद्याच्या काठावर उभे राहून एकेका डावाची उजळणी करून घेतात. झटकन खाली वाकून प्रतिस्पर्ध्याचा पाय उचलणे हा पट. त्याला पाठीवर घेऊन, धोबी कपडा आपटतो तसे आपटणे ही धोबीपछाड. मान आणि हात जखडून त्याला फेकणे ही ढाक. असे कितीतरी डाव आणि प्रत्येक डावाला त्याची तोड!

या साऱ्या विद्येचा हेतू एकच असतो : प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे. पाठ लागली, आकाश दिसले, की कुस्ती संपली. म्हणूनच हरवण्याला आपल्याकडे ‘अस्मान दाखवणे’ म्हणतात. मल्लाच्या अंगात हा नियम इतका भिनलेला असतो, की पडतापडताही तो अंग वळवून पोटावर येतो. पोटावर असलेला मल्ल सुरक्षित आणि पाठीवर आलेला मल्ल पराभूत, हा त्याच्या लेखी जणू निसर्गाचाच नियम होय.

परंतु तो निसर्गाचा नियम नव्हे; तो एका खेळाचा नियम आहे. मैदान बदलले, की नियम बदलतो आणि नियम बदलला, की जुनी सवय कधी कधी शत्रू होते. महाराष्ट्राच्या एका थोर मल्लाला हा धडा फार पूर्वी मिळाला होता.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. घरच्या त्या शिक्षणावर आणि पुढे कोल्हापूरच्या मातीत खाशाबांची कुस्ती घडली. त्यांची शरीरयष्टी लहानखुरी. पण चपळाई अशी, की प्रतिस्पर्ध्याला डाव कळण्यापूर्वीच तो पडलेला असे. ढाक हा तर त्यांचा हुकमी डाव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली. तेथे गेल्यावर त्यांच्या पायांखालची मातीच नाहीशी झाली. मैदानावर गादी, म्हणजे मॅट, अंथरलेली होती. पाय मातीत रुततात, मॅटवर रुतत नाहीत. मातीत पाऊल पक्के करून दम धरता येतो. मॅटवर सारे काही वेगाने घडते. शिवाय लढतीची वेळ ठरलेली. त्या वेळात कोणी चीत झाला नाही, तर वरचढ कोण ठरला हे पंच सांगणार.

अशा वेळी दुसरा एखादा मल्ल म्हणाला असता, “आमची विद्या निराळी, हा खेळ निराळा.” खाशाबांनी तसे केले नाही. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी मॅटवरील कुस्तीचे धडे घेतले आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षे नव्या नियमांच्या तयारीत घालवली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची अडचण आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या विश्वासाचे खाशाबांनी चीज केले. बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

या स्पर्धेतील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी जिंकले. हे इशी मुळात ज्युदो शिकलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोच्या शिक्षणावर निर्बंध आले, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. एक जण लाल मातीतून मॅटवर आला होता आणि दुसरा ज्युदोच्या आखाड्यातून. दोघांनीही जुनी विद्या टाकून दिली नाही; नव्या विद्येच्या धाग्यांनी ती विणून घेतली.

एका खेळातून त्याच्या जवळच्याच खेळात जाताना एवढे शिकावे लागले. मग चार निरनिराळे खेळ एकाच पिंजऱ्यात एकत्र आले, तर काय होईल?

अशा एकत्र खेळाची कल्पना नवी नाही. प्राचीन ग्रीक लोकांनी इसवी सनापूर्वी ६४८ साली ऑलिंपिक खेळांत पँक्रेशन नावाची लढत सुरू केली. तिच्यात मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांचे मिश्रण होते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच निषिद्ध होते. पुढे हे खेळ बंद पडले आणि प्रत्येक देशातील युद्धकला आपापल्या वाटेने वाढत गेली. इंग्लंडमध्ये मुष्टियुद्धाला नियमांची चौकट लाभली. थायलंडमध्ये मुए थाई वाढली. तिला आठ अंगांची कला म्हणतात, कारण तिच्यात दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे आणि दोन नडग्या ही आठही शस्त्रे मानली आहेत. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी जुन्या जुजुत्सूतील घातक भाग वगळून १८८२ साली ज्युदोची शाळा काढली. त्या शाळेत शिकलेले मित्सुयो माएदा हे देशोदेशी हिंडत १९१४ साली ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ग्रेसी घराण्यातील कार्लोस या तरुणाने ही विद्या घेतली. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होता. ताकदीने जे जमणार नाही, ते तरफेच्या युक्तीने कसे साधावे, याचा त्याने ध्यास घेतला. त्या ध्यासातून ब्राझिलियन जुजुत्सू ही जमिनीवर लढण्याची कला घडत गेली.

आपलीच कला श्रेष्ठ, असे प्रत्येक कलेच्या अनुयायांना वाटत असे. त्याची परीक्षा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झाली. निरनिराळ्या कलांचे आठ योद्धे एका पिंजऱ्यात आळीपाळीने लढले. वजनाचे गट नव्हते. एक मुष्टियोद्धा तर एकाच हातात हातमोजा घालून आला होता. त्या रात्री तीनही लढती जिंकल्या त्या एलिओ ग्रेसी यांचा सडपातळ मुलगा रॉयस याने. तो प्रतिस्पर्ध्याला मिठी मारी, जमिनीवर नेई आणि त्याचा गळा आवळी किंवा त्याला असे जखडी, की त्याला हार मानल्यावाचून गत्यंतर राहत नसे. ठोसे मारण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला जमिनीवर पडल्यावर काय करावे हेच ठाऊक नव्हते. मिठी मारलेल्या माणसाला जोराने ठोसा मारता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या रात्री जगाला नव्याने कळली.

पुढे या मैदानात कुस्तीगीर उतरले. कोणाला जमिनीवर न्यायचे आणि कोणाला जाऊ द्यायचे नाही, हे कुस्तीगिराच्या हाती असते. म्हणजे लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे तोच ठरवतो. हे फार मोठे बळ होय. म्हणूनच मिश्र युद्धकलेत कुस्तीला पायाचा मान मिळाला. परंतु कुस्तीगिरांनाही या मैदानाची किंमत मोजावी लागली. त्यांच्या तीन जुन्या सवयी त्यांच्याच विरुद्ध गेल्या.

पहिली सवय पोटावर वळण्याची. कुस्तीत ती तारते. येथे मात्र पोटावर वळलेल्या माणसाच्या पाठीवर प्रतिस्पर्धी स्वार होतो आणि मागून गळ्याभोवती हात घालतो. दुसरी सवय पट काढताना मान पुढे करण्याची. कुस्तीच्या नियमांत गळा आवळणे निषिद्ध असल्यामुळे तेथे मानेला भय नसते. येथे पुढे आलेली मान प्रतिस्पर्ध्याच्या काखेत आयतीच सापडते. तिसरी सवय सर्वांत खोल रुजलेली. प्रतिस्पर्धी पाठीवर पडला, की कुस्तीगिराचे मन म्हणते, “जिंकलो!” पण जुजुत्सू जाणणाऱ्याची लढाई पाठीवर पडल्यावरच रंगते. तो वर आलेल्या माणसाला आपल्या पायांत पकडतो आणि खालूनच त्याचा हात किंवा मान जखडतो. ज्याला कुस्तीगीर शेवट समजतो, तोच दुसऱ्याचा आरंभ असतो!

हा खेळ अविचारी मारामारीचा राहू नये, म्हणून पुढे त्याला नियमांची चौकट देण्यात आली. वजनाचे गट ठरले, लहान हातमोजे आले, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या. डोक्याने टक्कर मारण्यावर बंदी आली. खेळाडू स्वतःचे रक्षण करू शकत नाही असे दिसताच पंच लढत थांबवतात. आणि सर्वांत महत्त्वाचा संकेत असा, की पकडीत सापडलेल्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थोपटले, की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. तरीही हा खेळ धोक्याचाच आहे. जाणत्या गुरूच्या देखरेखीवाचून त्यातील कोणतीही पकड किंवा प्रहार करून पाहणे म्हणजे स्वतःच्या आणि सवंगड्याच्या जिवाशी खेळणे होय.

भारतातील एका कुस्तीगीर स्त्रीने हे नवे मैदान स्वतःहून निवडले. तिचे नाव रितू फोगट. हरियाणातील बलाली हे तिचे गाव. वडील महावीरसिंह फोगट यांनी आपल्या मुलींना लहानपणीच आखाड्यात उतरवले. मुलींनी कुस्ती खेळावी हे त्या भागात कोणाला रुचणारे नव्हते. परंतु महावीरसिंहांनी लोकांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. थोरली मुलगी गीता हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकून त्या बोलण्याला उत्तर दिले. रितू याच आखाड्यात वाढल्या. २०१६ साली त्यांनी राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०१७ साली तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक.

कुस्तीत असे नाव झाले असताना २०१९ साली त्या सिंगापूरला गेल्या आणि मिश्र युद्धकलेच्या विद्यार्थिनी झाल्या. जिला कुस्तीतील कोणी काही शिकवावे अशी वेळ राहिली नव्हती, तिला आता उभे कसे राहावे येथपासून धडे घ्यावयाचे होते. कुस्तीगीर कमरेत वाकून, हात पुढे करून उभा राहतो. पण डोके असे पुढे ठेवले, तर ठोसा नेमका तेथेच बसतो. म्हणून मुष्टियुद्धाचा पवित्रा शिकणे आले : मुठी गालाशी, हनुवटी खाली, पाय सतत हलते. मुए थाईकडून नडगीचा प्रहार आणि तो अडवण्याची रीत घेणे आले. जुजुत्सूकडून जमिनीवरची सावधगिरी घेणे आले. आपला हात कोठे उघडा पडतो, मान कोठे सापडते, हे नव्याने ओळखावे लागले.

हे धागे एकत्र विणले, की एक विलक्षण गोष्ट घडते. कुस्तीगीर आपला पाय धरणार या भयाने प्रतिस्पर्ध्याचे हात आपोआप खाली येतात. हात खाली आले, की चेहरा उघडा पडतो आणि तेथे ठोसा मारता येतो. ठोशाच्या भयाने हात पुन्हा वर गेले, की पाय मोकळे होतात आणि पट काढता येतो. एक कला दुसरीसाठी दार उघडते आणि दुसरी पहिलीसाठी. मिश्र युद्धकलेतील यशाचे रहस्य हेच आहे. चार कला वेगवेगळ्या शिकून चालत नाही. ताण्याबाण्यासारखे त्यांना एकमेकींत गुंतवावे लागते.

१६ नोव्हेंबर २०१९ रोजी बीजिंगमध्ये रितू फोगट पहिल्यांदा व्यावसायिक लढतीला उभ्या राहिल्या. त्यांनी दक्षिण कोरियाच्या नाम ही किम हिला जमिनीवर नेले, वरून प्रहारांचा वर्षाव केला आणि पहिल्याच फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. पुढील दोन वर्षांत त्यांनी आणखी अनेक विजय मिळवले आणि एक पराभवही पचवला. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या मेंग बो हिच्याशी त्यांची गाठ पडली. ती ठोशांसाठी प्रसिद्ध होती. रितूंनी तिला जमिनीवर नेऊन नेऊन तिच्या ठोशांना वावच ठेवला नाही आणि पंचांचा कौल मिळवला. या मार्गाने त्या आठ खेळाडूंच्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचल्या.

ती लढत ३ डिसेंबर २०२१ रोजी सिंगापूरमध्ये झाली. समोर होती थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. स्टॅम्पचे वडील मुए थाईचे शिक्षक. वयाच्या पाचव्या वर्षापासून तिने हीच कला गिरवलेली होती. पाहणाऱ्यांचा हिशेब सोपा होता : लढत उभ्याने झाली तर स्टॅम्प जिंकेल, जमिनीवर गेली तर रितू. हा हिशेब चुकला. दुसऱ्या फेरीत जमिनीवरील झटापटीत स्टॅम्पने रितूंचा हात आपल्या दोन्ही पायांच्या मध्ये जखडला आणि कोपर उलट्या दिशेने ताणले. क्षणभर अधिक थांबले असते, तर हाड किंवा सांधा गेला असता. रितूंनी हाताने थोपटून हार मान्य केली. लाथाठोशांत वाढलेल्या मुलीने कुस्तीगीर मुलीला तिच्याच अंगणात, जमिनीवर, हरवले होते.

हा निव्वळ योगायोग नव्हता. ज्या काळात रितू मुष्टियुद्धाचे आणि लाथांचे धडे घेत होत्या, त्याच काळात स्टॅम्पही स्वस्थ बसली नव्हती. कुस्तीगीर आपल्याला जमिनीवर नेणार, हे जाणून ती जमिनीवर कसे लढावे ते शिकत होती. रितूंच्या ताण्यात मुए थाईचा बाणा भरला जात होता, तर स्टॅम्पच्या ताण्यात जुजुत्सूचा. त्या दिवशी स्टॅम्पचे वस्त्र अधिक घट्ट विणले गेले होते, एवढेच.

अशा वेळी थोपटून हार मानणे पाहणाऱ्याला कदाचित कमीपणाचे वाटेल. मरू पण माघार घेणार नाही, अशा शूरांच्या कथा ऐकत मुले वाढतात. रणांगणावर त्या शौर्याला मोल आहेच. परंतु आखाडा हे रणांगण नव्हे, ती शाळा आहे. शाळेत ज्याला आपली चूक मान्य करता येत नाही, त्याला पुढचा धडा मिळत नाही. हाताने थोपटणारा खेळाडू असे सांगत असतो, की ‘येथे माझे ज्ञान अपुरे पडले.’ ते सांगून तो आपला हात वाचवतो आणि त्याच हाताने दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव करतो. थोपटताच पकड सोडणारा प्रतिस्पर्धीही तेवढाच मोठा. कारण जिंकण्याच्या भरात थांबणे ही सोपी गोष्ट नव्हे.

मग एका गुरूची विद्या घेतलेल्याने दुसऱ्या गुरूच्या पायाशी बसणे हा पहिल्या गुरूचा अपमान ठरतो काय? गोळेश्वरच्या मातीत वाढलेले खाशाबा लंडनमध्ये परक्या मार्गदर्शकाकडे शिकले. त्यामुळे दादासाहेबांनी दिलेली विद्या उणी झाली नाही. उलट, ती हेलसिंकीपर्यंत पोहोचली. रितू फोगट सिंगापूरला गेल्या, तेव्हा बलालीचा आखाडा त्यांच्याबरोबरच गेला. त्यांच्या बहुतेक विजयांत वडिलांनी शिकवलेली पकडच पुढे होती. नवे शिकणाऱ्याचे जुने नाहीसे होत नाही. ज्याच्याजवळ पक्के जुने आहे, त्यालाच नवे नीट बांधता येते.

भिवंडीत रात्र पडली, तरी मागांचा ठेका थांबत नाही. ताणा आपल्या जागी ताठ उभा असतो. जागा सोडीत नाही आणि धोट्याला वाटही नाकारीत नाही. पलीकडच्या खेड्यात पहाट होते, तालमीचे दार उघडते आणि एखादा मुलगा किंवा मुलगी मातीला नमस्कार करून पहिला जोर काढते. पुढे त्यांना कोणते मैदान मिळेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु पहिला धागा नीट ताणला जात आहे, हे मात्र खरे.

शब्दार्थ

धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन. हौदा – तालमीतील कुस्तीची मातीची जागा. वस्ताद – कुस्तीचे गुरू. तोड – डावावरील उलट डाव. ऊर्जितावस्था – भरभराटीची स्थिती. पवित्रा – लढण्यासाठी उभे राहण्याची पद्धत. तरफ – थोड्या जोराने मोठे वजन हलवण्याची युक्ती किंवा साधन. नडगी – गुडघ्याखालील पायाचा पुढचा भाग.

अभ्यास

१. प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) मातीवरील कुस्ती आणि मॅटवरील कुस्ती यांत कोणता फरक आहे?
(आ) मुए थाईला आठ अंगांची कला का म्हणतात?
(इ) डेन्व्हर येथील लढतींतून जगाला कोणती गोष्ट कळली?

२. कुस्तीगिराच्या कोणत्या तीन सवयी मिश्र युद्धकलेत त्याच्याविरुद्ध जातात? प्रत्येकीचे कारण सांगा.

३. ‘एक कला दुसरीसाठी दार उघडते’ हे विधान पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : अस्मान दाखवणे, चीज करणे, गत्यंतर नसणे, जिवाशी खेळणे.

५. ‘आखाडा हे रणांगण नव्हे, ती शाळा आहे’ या वाक्यावर आपले विचार आठ-दहा ओळींत लिहा.

६. आपल्या गावातील वा शेजारच्या गावातील तालमीला वडीलधाऱ्यांबरोबर भेट द्या. तेथील वस्तादांना पाच डावांची नावे विचारा आणि प्रत्येकाची तोड लिहून आणा.